युद्धात बेपत्ता झालेली पाणबुडी कशी शोधावी: कागदांपासून समुद्रतळापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली. जर्मनीच्या पाणबुडी दलाने सुमारे ३०,००० माणसे गमावली. पाणबुडी बहुधा एकटीच गस्तीवर निघते, रेडिओवर शक्य तितकी गप्प राहते आणि बुडते तेव्हा सांगणारा क्वचितच कोणी उरतो. त्यामुळे यांतल्या कित्येकींची कहाणी मुख्यालयाच्या दफ्तरात ‘परतली नाही’ एवढ्यावरच संपली आणि घरच्यांना जागा, तारीख, कारण यांपैकी काहीच कळले नाही. अशी पाणबुडी शोधू पाहणाऱ्याने, मग तो हौशी अभ्यासक असो, डायव्हर असो किंवा त्या बोटीवरच्या एखाद्याचा नातू असो, कामाला कुठून हात घालावा, कशावर विश्वास ठेवावा आणि कुठे थांबून शंका घ्यावी, हे या लेखात मांडले आहे. सर्वांत महत्त्वाचे आधीच सांगतो: बोट समुद्रात दिसते ती सर्वांत शेवटी. तिचा ठावठिकाणा त्याआधी कागदांवर लागलेला असावा लागतो, आणि कागदांचे काम जितके कच्चे तितका समुद्रातला खर्च वाया जातो.

आधी तारखांची चौकट आखावी

सुरुवात एका कोऱ्या वहीने करावी आणि तिच्यात त्या बोटीच्या शेवटच्या गस्तीतील प्रत्येक खात्रीची नोंद तारीखवार उतरवावी: बंदर कधी सोडले, इंधन कुठे भरले, हुकूम काय होते, कोणत्या पट्ट्यात गस्त घालायची होती, शेवटचा संदेश कधी आला, आणि कोणत्या दिवशी ती परतायला हवी होती. अमेरिकेची ‘ग्रेबॅक’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. ती २८ जानेवारी १९४४ रोजी पर्ल हार्बरहून दहाव्या गस्तीवर निघाली. २५ फेब्रुवारीच्या संदेशात तिने आपल्या हल्ल्यांची माहिती दिली आणि दोनच टॉर्पेडो शिल्लक असल्याचे कळवले, तेव्हा तिला परत येण्याचा हुकूम गेला. ७ मार्चला ती मिडवे बेटावर पोहोचणे अपेक्षित होते. ती आली नाही, आणि ३० मार्चला ती ८० माणसांसह गेल्याचे गृहीत धरण्यात आले.

या चार तारखांपैकी शोधाच्या कामाच्या मधल्या दोनच आहेत. २५ फेब्रुवारी हा ‘तोपर्यंत ती नक्की होती’ असा दिवस आणि ७ मार्च हा ‘तोपर्यंत तिचे काहीतरी झालेले होते’ असा दिवस. ३० मार्च ही कचेरीतली तारीख आहे. बोट बुडण्याशी तिचा संबंध नाही. स्मारकांवर आणि घरी आलेल्या पत्रांत मात्र बहुधा अशीच तारीख असते, आणि नातेवाईक तीच खरी धरून चालतात, म्हणून प्रत्येक तारखेपुढे ती घटनेची आहे की नोंदीची, हे लिहून ठेवावे. चौकट आखून झाली की शेवटच्या ज्ञात स्थानापासून बोट दररोज किती अंतर कापू शकली असती याचा हिशेब करून नकाशावर वर्तुळे काढावीत. पाण्यावरून ताशी १० सागरी मैल वेगाने चालणारी बोट दिवसाला २४० सागरी मैल जाते. दिवसा शत्रूच्या विमानांच्या धाकाने पाण्याखाली राहावे लागले, तर हे अंतर पुष्कळ घटते. पुढे हाती येणारा प्रत्येक दावा या वर्तुळांत बसतो का, ही पहिली चाचणी.

शत्रूच्या दफ्तरात शिरावे

बोटीच्या स्वतःच्या नौदलाकडे तिच्या अंतापर्यंतची कथा असते. अंत झाला कसा, याची नोंद असली तर ती बहुधा समोरच्या बाजूकडे असते. नवखे शोधक इथेच कमी पडतात. ते आपल्या भाषेतल्या चार पुस्तकांवर विसंबतात, आणि ती चारही पुस्तके एकाच जुन्या यादीवरून लिहिलेली असतात.

‘ग्रेबॅक’च्या बाबतीत नेमके हेच झाले होते. युद्धानंतर अमेरिकन नौदलाने जपानी कागदपत्रांच्या भाषांतरावरून आपल्या बुडालेल्या पाणबुड्यांची ठिकाणे ठरवली, आणि त्या भाषांतरात ‘ग्रेबॅक’च्या रेखांशातला एक अंक चुकला. पुढची सात दशके सगळे तीच चुकीची जागा उद्धृत करत राहिले. युताका इवासाकी या जपानी संशोधकांनी सासेबो नौदल तळाच्या मूळ नोंदी नव्याने वाचल्या, तेव्हा २७ फेब्रुवारी १९४४ च्या एका अहवालात खरा आकडा सापडला: विमानाने ५०० पौंडी बॉम्ब टाकला, तो कॉनिंग टॉवरच्या (पाणबुडीच्या पाठीवरच्या मनोऱ्याच्या) मागच्या बाजूला बसला, पाणबुडी स्फोट होऊन जागीच बुडाली आणि कोणी वाचलेले दिसले नाही. नोंदीतली जागा अधिकृत ठिकाणापासून सुमारे १०० मैल दूर होती. त्या आधारावर टिम टेलर यांच्या ‘लॉस्ट ५२’ या मोहिमेने ओकिनावाच्या दक्षिणेला शोध घेतला आणि जून २०१९ मध्ये सुमारे ४३० मीटर खोलीवर ‘ग्रेबॅक’ सापडली. तिच्या बांधणीची आणि नावाची पाटी अजून जागेवर होती.

यावरून कामाची पद्धत ठरते. भाषांतर कितीही अधिकृत असले, तरी मूळ पानाची प्रत मिळवावी. त्या पानावरचे अक्षांश, रेखांश आणि वेळ यांचे आकडे दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता वाचावेत आणि मग ताडून पाहावेत. हाताने लिहिलेल्या अंकांत कोणते दोन अंक एकमेकांसारखे दिसतात याची यादी करावी आणि जिथे शंका असेल तिथे दोन्ही वाचने नकाशावर मांडावीत; त्यांतले जे वाचन तारखांच्या चौकटीत आणि अंतराच्या वर्तुळात बसत नाही, ते गळून पडते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. मिनिटांच्या दशकस्थानचा अंक एकाने चुकला की उत्तर-दक्षिण १० सागरी मैलांचा फरक पडतो आणि अंशाचा अंक चुकला की ६० मैलांचा. रेखांशाच्या मिनिटाची लांबी मात्र विषुववृत्तापासून दूर जाताना कमी होत जाते आणि ६० अक्षांशावर ती निम्मी होते, म्हणून रेखांशातली चूक किती मोठी, हे जागेवर अवलंबून असते.

घड्याळाचा घोळ याहून फसवा असतो. जपानी नौदल पॅसिफिकच्या कोणत्याही कोपऱ्यात असले, तरी टोकियोची वेळ लिहीत असे. जर्मन पाणबुड्या अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यालाही जर्मन वेळ पाळत. अमेरिकन बोटी ज्या पट्ट्यात असत तिथली वेळ लावत. दोन नोंदींत एका दिवसाचा फरक दिसला, तर त्या वेगवेगळ्या घटना आहेत असे मानण्याआधी दोन्ही वेळा ग्रीनिचच्या वेळेत आणाव्यात. जर्मन नोंदींमध्ये अक्षांश-रेखांशही नसतात. त्यांचा चौकोनांचा स्वतःचा नकाशा होता आणि दोन अक्षरे व चार अंकांनी जो सर्वांत लहान चौकोन दाखवला जाई, त्याची बाजू साधारण ६ सागरी मैल असे. असा चौकोन वाचताना त्याचा मध्यबिंदू हेच ‘स्थान’ धरून चालणे चुकीचे ठरते. बोट त्या चौकोनात कुठेही असू शकते.

कागद कुठे मिळतात, हे थोडक्यात: अमेरिकेचे गस्त अहवाल तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि युद्धात हाती लागलेल्या जर्मन नौदलाच्या युद्धरोजनिशींच्या सूक्ष्मपटप्रतीही तिथेच आहेत, ब्रिटिश कागद लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, जपानच्या आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या केंद्राने लाखो पाने इंटरनेटवर खुली केली आहेत. याच केंद्रातल्या नोंदींच्या आधारे टोकियो विद्यापीठाचे तामाकी उरा यांनी होक्काइदोच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘अल्बाकोर’चा माग काढला. ७ नोव्हेंबर १९४४ रोजी पाण्याखाली झालेला स्फोट एका जपानी गस्ती नौकेने पाहून लिहून ठेवला होता.

विजयाचे दावे मात्र जपून वाचावेत. पाणबुडी बुडवल्याचे श्रेय मिळावे असे प्रत्येक जहाजाला वाटे, आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की नोंदवहीत ‘बुडवली’ असे लिहिले जाई. युद्धानंतर बेपत्ता बोटींची यादी आणि दाव्यांची यादी समोरासमोर ठेवून अनेक जोड्या जुळवण्यात आल्या, आणि त्यांतल्या काही केवळ जागा भरण्यासाठी जुळवलेल्या होत्या. जर्मन ‘यू-८६९’ २८ फेब्रुवारी १९४५ रोजी मोरोक्कोतील रबातजवळ बुडाल्याचे अधिकृत दफ्तर सांगत होते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यापलीकडे सुमारे ७० मीटर खोलीवर डायव्हरांना एक जर्मन पाणबुडी सापडली, जिची त्या भागात कुठल्याही यादीत नोंद नव्हती. तिच्यात एका खलाशाचे नाव कोरलेला चाकू मिळाला. तो खलाशी ‘यू-८६९’ वरचा होता. पण ती बोट आफ्रिकेजवळ बुडाल्याचे ‘सिद्ध’ असल्याने चाकूचा पुरावा बाजूला ठेवला गेला. १९९७ मध्ये सुट्या भागांच्या पेटीवरच्या पट्टीने तो प्रश्न मिटवला. ती ‘यू-८६९’च होती. तिला जिब्राल्टरकडे वळवणारा हुकूम निघाला होता, पण तो तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही असे मानले जाते, आणि मुख्यालयाने मात्र तिला त्या दिशेला गेलेली धरले. एखाद्या पुराव्याला केवळ छापील यादी आड येते म्हणून नाकारू नये, हे या प्रकरणातून शिकावे.

स्थानाभोवती चुकीच्या शक्यतेचे वर्तुळ काढावे

खुल्या समुद्रात त्या काळी कोणालाच आपली जागा अचूक माहीत नसे. ताऱ्यांवरून स्थान काढले तरी एकदोन मैलांची चूक सहज होई, ढगाळ हवामानात दिवसभर केवळ वेग, दिशा आणि वेळ यांवरून अंदाज बांधावा लागे, आणि उडत्या विमानातल्या माणसाची चूक त्याहून मोठी असे. म्हणून नोंदीतला बिंदू नकाशावर टाकताना त्याच्याभोवती संभाव्य चुकीचे वर्तुळही टाकावे. शेवटचे खात्रीचे स्थान घेऊन किती तास झाले होते, वारा आणि प्रवाह कसे होते, जमीन नजरेत होती का, यावर त्या वर्तुळाचा आकार ठरतो.

हे वर्तुळ लहान करणे हेच कागदी कामाचे खरे फळ आहे, आणि ते आकड्यांत पाहिले की पटते. समजा चुकीचे वर्तुळ १० सागरी मैल त्रिज्येचे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०८० चौरस किलोमीटर होते. सोनार (ध्वनिलहरींनी तळ पाहणारे यंत्र) एका फेरीत ४०० मीटर रुंदीचा पट्टा पाहतो आणि जहाज ताशी ४ सागरी मैल वेगाने चालते असे धरले, तर तासाला जेमतेम ३ चौरस किलोमीटर पाहून होतात. म्हणजे न थांबता सुमारे १५ दिवस लागतात, आणि तेही पट्टे एकमेकांवर न चढवता. त्रिज्या ५ मैलांवर आणली की क्षेत्र एक चतुर्थांश होते आणि काम चार दिवसांच्या आत येते. जहाजाचे भाडे दिवसावर असते. अभिलेखागारात घालवलेला महिना या हिशेबात कधीही महाग पडत नाही.

वर्तुळ लहान करण्याचा एक परिणामकारक मार्ग म्हणजे त्या दिवशी तिथे असलेल्या सगळ्या जहाजांचे मार्ग नव्याने गणणे. जपानची ‘आय-५२’ ही मालवाहू पाणबुडी दोन टन सोने घेऊन निघाली होती आणि २४ जून १९४४ रोजी मध्य अटलांटिकमध्ये ‘बोग’ या अमेरिकन विमानवाहू नौकेच्या विमानांनी ती बुडवली. नौदलाने लिहून ठेवलेली जागा आणि खरी जागा यांत दहाहून अधिक मैलांचे अंतर होते. शोधकांनी हल्ल्यात भाग घेतलेल्या जहाजांच्या नोंदवह्या घेऊन प्रत्येक वळण, प्रत्येक वेगबदल, प्रत्येक तारास्थान पुन्हा मांडले, त्यांतले परस्परविरोध सोडवले, आणि १९९५ मध्ये पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर ती बोट सापडली.

संभाव्यतेचा तक्ता चालू ठेवावा

एकाहून अधिक दावे उरले असतील, तर त्यांतला एक निवडून बाकीचे फेकून देऊ नयेत. शोधक्षेत्राचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोनाला पुराव्यांच्या वजनानुसार टक्केवारी द्यावी. सगळ्यांची बेरीज १०० यावी. समजा ‘अ’ चौकोनाला ४० टक्के दिले आहेत आणि आपले सोनार तिथे बोट असल्यास ती ८० टक्के वेळा दाखवील असा अनुभव आहे. ‘अ’ तपासला आणि काही मिळाले नाही, तर त्याची शक्यता शून्य होत नाही. चाळिसाचे ८ उरतात, एकूण बेरीज ६८ होते, आणि त्या प्रमाणात ‘अ’ची नवी शक्यता सुमारे १२ टक्के येते. २० टक्क्यांचा शेजारचा चौकोन आपोआप २९ वर चढतो. अशा रीतीने प्रत्येक रिकामी फेरीही पुढची फेरी कुठे घ्यावी हे सांगते. १९६८ च्या मे महिन्यात अमेरिकेची ‘स्कॉर्पियन’ बेपत्ता झाली, तेव्हा अमेरिकन नौदलाचे शास्त्रज्ञ जॉन क्रेव्हन यांनी हीच पद्धत वापरली होती आणि त्या ऑक्टोबरच्या अखेरीस ती अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला सुमारे ३,००० मीटर खोलीवर मिळाली. ती युद्धातली बोट नव्हती, पण पद्धत आजही तीच आहे.

तक्त्यात स्थानिक मच्छीमारांच्या माहितीलाही जागा द्यावी. सपाट तळावर जाळी जिथे पुन्हापुन्हा अडकतात, ती ठिकाणे त्यांना पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ असतात. न्यू जर्सीजवळच्या त्या अनोळखी पाणबुडीची जागासुद्धा मूळची मासेमारी बोटीच्या एका कप्तानाकडून आली होती.

समुद्रावर

साइड-स्कॅन सोनारचा ‘मासा’ जहाजामागे तारेने ओढला जातो आणि तो दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतो. १०० किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारता लांबपर्यंत पोहोचते पण चित्र जाडेभरडे देते. ४०० किलोहर्ट्झच्या वर तपशील चांगला मिळतो आणि पल्ला आखडतो. म्हणून पहिली पाहणी कमी वारंवारतेने करावी आणि संशयास्पद जागांवर जास्त वारंवारतेने परत यावे. शेतात नांगराचे तास एकाला लागून एक पडतात, तसे पट्टे आखावेत आणि शेजारचे पट्टे एकमेकांवर चढवावेत, कारण माशाच्या बरोबर खाली नजर न पोहोचणारी एक चिंचोळी पट्टी राहतेच. पाणबुडी ध्वनिलहरीच्या दिशेला टोकाने पडलेली असेल, तर ९५ मीटर लांबीची बोट एखाद्या खडकासारखी आखूड दिसते, त्यामुळे महत्त्वाच्या भागावरून काटकोनातले पट्टेही काढावेत. खोल पाण्यात तार किलोमीटरहून लांब सोडावी लागते आणि मासा जहाजाच्या किती मागे व किती बाजूला आहे हे वेगळे मोजावे लागते. ते मोजले नाही, तर सापडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडत नाही.

सोनारच्या चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली अधिक बोलते. मासा तळापासून ३० मीटर उंचीवर असेल, सावलीची लांबी ४० मीटर असेल आणि माशाच्या खालच्या बिंदूपासून सावलीचे टोक आडवे १५० मीटरवर असेल, तर ३० ला ४० ने गुणून १५० ने भागावे. वस्तू ८ मीटर उंच आहे. पाणबुडीच्या लांब, निमुळत्या सावलीच्या मधोमध कॉनिंग टॉवरचा उंचवटा दिसला की आशा धरायला हरकत नाही. तरीही जवळून पाहिल्याशिवाय काहीही जाहीर करू नये. खडकांच्या रांगा, बुडालेले पडाव आणि जुने नांगर अनुभवी माणसालाही चकवतात. शंका असेल तिथे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा मापक, चालवावा. शेकडो टन लोखंड असेल, तर तो ते सांगतो.

जवळून पाहण्यासाठी दूरनियंत्रित यान उतरवावे. माणसाला खाली पाठवण्याचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘यू-८६९’ची ओळख पटवण्याच्या सहा वर्षांत तीन डायव्हर तिथे मरण पावले. बुडालेल्या पाणबुडीचा अंतर्भाग अरुंद, गाळाने भरलेला आणि तारांनी गुंतलेला असतो, आणि तिथे आधीच पुरेशी माणसे गेलेली आहेत.

ओळख पटवणे

सापडलेली बोट कोणत्या वर्गाची, हा पहिला प्रश्न. त्या वर्गातली नेमकी कोणती, हा दुसरा आणि खरा अवघड. पहिल्याला लांबी बहुधा उत्तर देते: जर्मन सातव्या प्रकारची ‘सी’ आवृत्ती सुमारे ६७ मीटर, नवव्या प्रकारची ‘सी’ आवृत्ती सुमारे ७७ मीटर, अमेरिकन ‘गाटो’ वर्ग ९५ मीटर. दुसऱ्यासाठी त्या बोटीच्या शेवटच्या दुरुस्तीचे कागद आणि त्या वेळची छायाचित्रे लागतात, कारण गोदीत प्रत्येक बोटीवर थोडे वेगळे बदल होत.

‘अल्बाकोर’च्या चित्रणात पाणी गढूळ होते, प्रवाह जोराचा होता आणि सांगाड्यावर समुद्री जीवांची दाट वाढ झाली होती. तरीही शेवटच्या गस्तीआधी तिच्यावर केलेले बदल त्यात ओळखू आले: रडारची तबकडी आणि तिचा खांब, वरच्या बांधकामाच्या कडेने असलेली छिद्रांची रांग, आणि टॉवरच्या वरच्या कडेवरून काढून टाकलेले पोलादी पत्रे. हे सगळे दफ्तरात नोंदलेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने तिची ओळख मान्य केली. थायलंडच्या आखातात २००५ मध्ये सापडलेल्या अमेरिकन ‘लागार्टो’च्या बाबतीत नौदलाच्या डायव्हरांना पुढे आणि मागे पाच इंची तोफा दिसल्या, आणि प्रोपेलरवर ‘मॅनिटोवॉक’ हा शब्द दिसला. विस्कॉन्सिनमधल्या त्याच नावाच्या गावच्या गोदीत ती बांधली गेली होती. असे एक निर्विवाद अक्षर दहा अंदाजांवर भारी पडते. ते मिळत नसेल, तर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान तीन खुणा जुळल्याखेरीज नाव घेऊ नये. जुळणाऱ्या खुणांइतक्याच न जुळणाऱ्या खुणाही लिहाव्यात.

साक्षीदाराच्या कथनाचे वजन कसे करावे, याचा धडा ब्रिटिश ‘पर्सियस’ देते. ६ डिसेंबर १९४१ रोजी ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ ती सुरुंगावर आदळली आणि ६१ जणांपैकी जॉन केप्स हा एकच वाचला. मागच्या हॅचमधून (बाहेर पडायच्या झाकणातून), श्वसनाचे उपकरण लावून तो वर आला, पोहत किनाऱ्याला लागला आणि गावकऱ्यांनी त्याला सुमारे दीड वर्ष लपवले. बोट २७० फूट खोलीवर असल्याचे मापकावर पाहिले, असे तो सांगे. इतक्या खोलीवरून कोणी जिवंत येईल हे अनेकांना पटेना आणि तो १९८५ मध्ये वारला तेव्हाही त्याच्याविषयीची शंका मिटली नव्हती. १९९७ मध्ये ग्रीक डायव्हर कोस्तास थोक्तारिदिस यांनी ‘पर्सियस’ शोधली. ती ५२ मीटरवर, म्हणजे सुमारे १७० फुटांवर होती, आणि मागचे हॅच उघडे होते. धक्क्याने मापक बिघडलेला असणार. साक्षीदाराचा एक आकडा चुकला म्हणून त्याची सगळी हकीकत खोटी ठरवू नये. कोणता भाग त्याने स्वतःच्या हातांनी केला आणि कोणता केवळ मापकावर वाचला, हे वेगळे काढावे.

बुडण्याचे कारण

कारण सांगण्याची घाई सर्वांनाच असते आणि चुकाही इथेच जास्त होतात. बाहेरून झालेल्या स्फोटाने पत्रा आत दबतो, आतल्या स्फोटाने बाहेर फाकतो. परंतु खोलीच्या दाबाने चेचलेला सांगाडाही आत दबलेलाच असतो आणि तळावर आदळल्याने नाक तुटते, म्हणून बुडण्याआधीची इजा आणि नंतरची इजा वेगळी करता आली पाहिजे. त्यासाठी झडपा, हॅच, पाण्यात डुबी मारण्याची आडवी सुकाणे आणि टॉर्पेडो नळ्यांची झाकणे कोणत्या स्थितीत आहेत, ते पाहावे. ऑस्ट्रेलियाची पहिली पाणबुडी ‘एई-१’ १४ सप्टेंबर १९१४ रोजी आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या रबाउलजवळ ३५ जणांसह नाहीशी झाली आणि तेराव्या शोधमोहिमेत, डिसेंबर २०१७ मध्ये, ३०० मीटरहून अधिक खोलीवर मिळाली. शत्रूचा हल्ला, खडकावर आदळणे असे तर्क शतकभर चालले होते. यानाच्या जवळून केलेल्या चित्रणात वायुवीजनाची एक झडप पूर्ण बंद नसल्याचे दिसले, आणि डुबी मारताना पाणी आत शिरले असावे या निष्कर्षाला त्यामुळे आधार मिळाला.

कधीकधी जागा ठाऊक असूनही कारणाचा वाद राहतो. १९७१ च्या युद्धात ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली. भारतीय नौदल त्याचे श्रेय ‘राजपूत’ या विनाशिकेच्या डेप्थ चार्जना (पाण्याखाली फुटणाऱ्या पाणबुडीविरोधी बॉम्बना) देते. पाकिस्तानच्या बाजूने तिने पेरलेले सुरुंग किंवा आतला अपघाती स्फोट, असे कारण दिले जाते. अशा प्रकरणात लिहिणाऱ्याने दोन्ही म्हणणी त्यांच्या पुराव्यांसह मांडावीत आणि सांगाड्यावरची प्रत्येक इजा कोणत्या म्हणण्याशी जुळते ते दाखवावे. निकाल देण्याइतका पुरावा नसेल, तर निकाल देऊ नये.

सापडल्यानंतर

युद्धात बुडालेली पाणबुडी ही तिच्या राष्ट्राची मालमत्ता राहते आणि कितीही वर्षे लोटली तरी तो हक्क आपोआप संपत नाही. ब्रिटनचा १९८६ चा आणि अमेरिकेचा २००४ चा कायदा अशा अवशेषांना हात लावण्यास मनाई करतो. कायद्याच्या आधी माणुसकीचा प्रश्न आहे: ती त्या खलाशांची कबर आहे. म्हणून पाटी, घंटा, चाकू, काहीही वर आणू नये. ओळखीसाठी छायाचित्र पुरेसे होते.

अचूक जागा छापू नये, हे मी आग्रहाने सांगतो. जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेली अमेरिकन ‘पर्च’ २००६ मध्ये डायव्हरांना सापडली होती, तिच्या नावाची पाटीही स्पष्ट वाचता येत होती. २०१६ मध्ये पाहणी झाली तेव्हा भंगारचोरांनी ती सगळी उचलून नेलेली होती. प्रसिद्ध करताना समुद्राचे नाव आणि ढोबळ खोली पुरे. नेमके अक्षांश-रेखांश संबंधित नौदलाच्या इतिहास विभागाला लेखी कळवावेत, आणि त्यांची खातरजमा होईपर्यंत वाट पाहावी. ‘ग्रेबॅक’ जूनमध्ये सापडली आणि तिची घोषणा नोव्हेंबरमध्ये झाली. नातेवाइकांना ही बातमी वृत्तपत्रातून कळता कामा नये, म्हणून नौदलामार्फत त्यांच्यापर्यंत आधी पोहोचण्याची व्यवस्था करावी. नातेवाईक स्वतः शोधाचे मूळ असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. अलास्काच्या अल्युशियन बेटांजवळ १९४२ मध्ये गेलेली अमेरिकन ‘ग्रुनियन’ तिच्या कमांडरच्या तीन मुलांनी शोधायला घेतली. ‘कानो मारू’ या जहाजाशी झालेल्या झटापटीचा जपानी वृत्तान्त त्यांना इवासाकी यांच्याकडून मिळाला, २००६ मध्ये सोनारवर आकृती दिसली आणि २००७ मध्ये यानाने ती बोट पाहिली.

शेवटी, मोहीम यशस्वी झाली असो वा नसो, तिची पूर्ण फाइल अभिलेखागारात जमा करावी: कोणत्या पट्ट्यांवरून फिरलो, मासा किती उंचीवर होता, सोनारचा कच्चा डेटा, मूळ पानांच्या प्रती, आणि आपल्या तक्त्यात प्रत्येक चौकोनाला दिलेली टक्केवारी. सापडलेल्या बोटीचे लोक वाचतात. न सापडलेल्या जागांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. पोलंडची ‘ओझेऊ’ १९४० मध्ये उत्तर समुद्रात गेली आणि अनेक मोहिमांनंतरही मिळालेली नाही. तिच्या शोधात पुढचे जहाज निघेल तेव्हा कोणता तळ किती काळजीपूर्वक पाहून झाला आहे, हे त्या पथकाला कागदावर मिळाले पाहिजे. नाहीतर ते पुन्हा त्याच रिकाम्या चौकोनांवरून फिरेल.